धवल्यातलं नाव

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
१७ जानेवारी १९९९

चि. कान्हा यास,

ताईचे आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या दाजींचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी त्यांची तक्रार नाही. तुझ्या वाटचा तिळगूळ डब्यात काढून ठेवला होता, तो काल मुंग्यांनी संपवला. तेव्हा गोड बोलायचं बंधन माझ्यावर राहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुझं पाकीट मस्कतहून आलं. त्यात दोन सीड्या आणि चार पानी पत्र. पत्रात आईची चौकशी एका ओळीत, तुझ्या शिवरामच्या लग्नाची तारीख एका ओळीत आणि उरलेल्या साडेतीन पानांत सॉफ्टवेअर! अरे, सून शोधताना तरी एवढी चौकशी केलेलीस का?

गेल्या दिवाळीत तू तो कॉम्प्युटर आणून माझ्या घरी टाकलास, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. म्हणालास, "बाळकुमच्या घरी रंगकाम चाललंय, धूळ बसेल, ताई तुझ्याकडे राहू दे. तू शाळेच्या ऑफिसात रोज कॉम्प्युटरवर बसतेस, तुला सवय आहे." मला वाटलं, भावाने बहिणीला कौतुकाने दिला. आता कळलं, कामाला लावायला दिला.

तर तुझं म्हणणं असं. शिवरामच्या हळदीला बाळकुमच्या मांडवात हा कॉम्प्युटर मांडायचा, मोठे स्पीकर लावायचे, आणि आई गात नाही म्हणून तिने पूर्वी लग्नात गायलेले धवले त्यावर वाजवायचे. कॅसेट तुझ्याकडची. ती तू तिकडे कुणा मित्राकडून एमपी-थ्री करून घेतलीस, एका सीडीवर घातलीस. दुसऱ्या सीडीवर गाणी वाजवायची तीन सॉफ्टवेअर. ती तिन्ही लावून, ऐकून, मी एक निवडायचं. "वर्षानुवर्षं टिकेल असं काम करू, ताई."

बरं. केलं मी. आपण कामाला नाही म्हणणारी माणसं नाही.

पहिलं सॉफ्टवेअर राखाडी, सरकारी कचेरीसारखं. गाणं लावलं आणि मी जरा माउस हलवला की आई तोतरी बोलायला लागते. "मां-मां-मांडव." शाळेचं पत्रक टाइप करता करता ऐकायला गेले तर गाणंच बंद. दुसरं काळं आहे, त्यात हिरव्या पट्ट्या खालीवर नाचतात. आई घाण्याचा धवला म्हणते आणि पट्ट्या डिस्को करतात. त्यात इक्वलायझर म्हणून एक पाटी आहे, तिच्यात "हॉल", "क्लब", "स्टेडियम" असे आवाज निवडता येतात. मी "स्टेडियम" लावून बघितलं. आई कुठल्या तरी विहिरीत पडून गातेय असं वाटलं. तिसरं दिसायला बरं, पण दर गाण्यानंतर पैसे भरा म्हणून खिडकी उघडतं. हळदीच्या मांडवात, नवरदेवाच्या अंगाला पाच बायकांनी हात लावलेला असताना, ती खिडकी उघडली तर काय करायचं? तिच्यावरही हळद लावायची?

आणि तिन्हींत एक खोट. तू गाण्यांना इंग्रजीत नावं दिलीस आणि ही शहाणी सॉफ्टवेअरं ती एबीसीडीने लावतात. आधी देवक, मग घाणा, मग हळद, मग मांडव! मांडव घालायच्या आधी हळद लावली नवऱ्याला. तुझं लग्न असतं तर चाललं असतं, तुला कुठे काय आठवतंय. क्रम मी हाताने लावला, आता बरोबर आहे.

मांडव ऐकला, देवक ऐकलं, घाणा ऐकला. आईचा आवाज चांगला आलाय, ते कबूल करते. घाणा संपून हळद सुरू होणार एवढ्यात कुकरची शिट्टी झाली, म्हणून बंद केलं. हळदीची फाइल राहिली आहे. बघेन सवडीने.

तू लिहिलंयस, "आईला परत एकदा विचारून बघ, निदान हळदीपुरतं गाईल का." मी विचारणार नाही. बाळकुमची धवलारीण म्हणून जिला नवी मुंबईपर्यंत लोक न्यायला यायचे, भटजी थांबायचा पण तिच्यावाचून हळदीला हात लागत नव्हता, ती बाई साडेतीन वर्षं तोंड मिटून बसली आहे. का बसली ते तुला माहीत आहे. तुझ्या वासंतीला माहीत आहे. बायकोला विचार, ती तर त्याच घरात राहते.

सॉफ्टवेअर कुठलं ते पुढच्या पत्रात कळवते. फोन करू नकोस. फोनवर तू "बरं बरं" म्हणून तीन मिनिटांत सुटतोस.

तुझी,
शेवंतीताई


कोपर
१४ फेब्रुवारी १९९९

कान्हा,

आशीर्वाद. पत्र मिळालं. दाजींचा गुडघा बरा आहे. आईला खोकला होता, वासंतीने काढा दिला, आता बरी आहे.

तू लिहितोस, "ताई, एवढं चिडायला काय झालं? मी तुला सॉफ्टवेअर निवडायला सांगितलं, स्थळ निवडायला नाही."

हे वाक्य लिहिताना तुझा हात थांबला नाही? जरासुद्धा? स्थळं निवडायचं काम आपल्या घरात एकदाच तू अंगावर घेतलंस. मस्कतहून सुट्टीवर येऊन, बायकोच्या मावशीच्या घरचं, "आपल्या ओळखीतलं, डोळे मिटून द्या" असं म्हणून. आम्ही डोळे मिटले. त्यावर मी आज लिहिणार नव्हते. पण तूच तोंड घातलंस.

असो. सॉफ्टवेअर.

रविवारी सकाळी मी हळदीची फाइल लावली. काळ्या, नाचणाऱ्या पट्ट्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, कारण तुझ्या म्हणण्याप्रमाणे त्यात खरखर कमी होते. दाजी गॅलरीत आरसा टांगून दाढी करत होते. सुरुवातीला बायकांचा गलका, कुणी तरी "पाट कुठाय, पाट" म्हणतंय, एक पोर रडतंय, आणि मग आई खाकरते आणि उचलते. तिची ती उंच पट्टी, शेवटचं अक्षर लांबवायची सवय. मागून बायका तीच ओळ धरतात. मी खुर्चीत बसलेली होते. पहिल्या कडव्यात देवांना हळद, दुसऱ्यात आईबापांना. मला पाठ आहे रे, पुढे काय येतं ते मला पाठ आहे. तरी मी बंद केलं नाही.

तिसऱ्या कडव्यात आईने नवरीचं नाव घेतलं.

दाजी आत आले. अर्ध्या गालाला फेस तसाच. माझ्याकडे बघितलं नाही, कॉम्प्युटरकडे बघितलं. त्यांना तो कुठे बंद करायचा ते माहीत नाही, म्हणून त्यांनी स्पीकरची वायर ओढून काढली. पट्ट्या नाचतच राहिल्या, आवाज नाही. मग गंजीफ्रॉकवरच जिना उतरून गेले. दुपारी जेवायला आले तेव्हा फेस वाळून गालाला चिकटला होता. मी टॉवेल ओला करून दिला.

तू विसरलास म्हणून तुला सांगते, जरी हे आपल्या घरात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागू नये. धवला म्हणजे रेडिओवरचं गाणं नव्हे, की कुणीही कुठेही लावावं. धवलारीण ज्या मांडवात बसते त्या मांडवातली नावं त्यात घालते. नवरीचं, नवऱ्याचं, आईबापांचं. चाल तीच, शब्द तेच, नावं दर लग्नाची वेगळी. एका लग्नाचा धवला दुसऱ्या लग्नाला चालत नाही, जसं एका नवरीची ओटी दुसरीच्या पदरात घालत नाहीत. ही कॅसेट तू स्वतः भरलीस, त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात, आमच्या ह्या कोपरच्या मांडवात, नव्या टेपरेकॉर्डरची मिजास दाखवत. तो माझ्या मुलीच्या हळदीचा धवला आहे. त्यात तिला हळद लागते आहे. त्यात तिला "सुखाने नांद" म्हणून आशीर्वाद आहे.

आणि तो तू शिवरामच्या हळदीला, मोठ्या स्पीकरवर, साऱ्या गावासमोर वाजवणार होतास.

मला नुसतं एवढंच विचारायचंय: कॅसेटवरून सीडी केलीस तेव्हा तू हे ऐकलं नाहीस? खरखर ऐकलीस, ती कमी केलीस. आवाज बारीक-मोठा होतो ते ऐकलंस, तो सारखा केलास. दोन गाण्यांमधली रिकामी जागा ऐकलीस, ती छाटलीस. आई मध्येच थांबून पाणी प्यायची, ते घोट होते तिथे. ते गेले. मग शब्द कुठे होते तुझ्या कानात? मशीनला मराठी कळत नाही, मान्य. तुला?

तर माझं उत्तर असं: तिन्ही सॉफ्टवेअर नकोत. ही गाणी शिवरामच्या मांडवात वाजणार नाहीत. बँड लाव, सनई लाव, हिंदी सिनेमाची लाव, मी फुगडी घालेन. ही नाही.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

शेवंती


कोपर
२८ मार्च १९९९

कान्हा,

तब्येतपाणी विचारत नाही. तुझं पाच तारखेचं पत्र समोर आहे आणि मी ते आज पुन्हा वाचलं, कारण रागात लिहिलं की आपण नसलेलं वाचतो असं आमच्या मुख्याध्यापक बाई म्हणतात. वाचलं. जे होतं तेच आहे.

"ताई, तुझी भावना मी समजू शकतो. पण एवढ्याने चांगली गाणी वाया घालवायची नाहीत. आता आवाज कापायचं, जोडायचं सॉफ्टवेअर निघालं आहे, मी मागवलं आहे. तो भाग चार ठिकाणी येतो, मी मोजला. तेवढा कापून टाकतो, कुणाला कळणारही नाही. तू फक्त आईला माइकसमोर बसवून दोन नावं म्हणायला लाव, शिवराम आणि शालू. चालीत म्हटली तर उत्तम. बाकीचं मी चिकटवतो. नाही तरी खडवलीची मंडळी येणार आहेत, मांडवात उगाच तो विषय निघायला नको."

म्हणजे तू ऐकलंस. मी समजत होते तुला शब्द ऐकूच आले नाहीत, मी तुला मनातल्या मनात माफही करत होते, की बिचारा, परदेशात राहून कान बधिर झाले. तू ऐकलंस, बसून मोजलंस, आणि कात्री शोधलीस.

खडवलीची मंडळी. तू त्यांना पत्रिका दिलीस.

आता मी लिहिणार. शेवटपर्यंत वाच, मध्ये सोडू नकोस.

रतनला सातवा महिना होता तेव्हा तिचे डोळे पिवळे झाले. खडवलीला तुझ्या बायकोच्या मावशीने कुणाकडून तरी झाडपाला आणून दिला आणि वर म्हणाली, पहिलटकरणी असली नाटकं करतात. रतन माहेरी येते म्हणाली, तर भाताच्या आवणीचे दिवस आहेत, घरात बाईमाणूस नको का, म्हणून ठेवून घेतली. आम्हाला निरोप आला तेव्हा ती माणूस ओळखत नव्हती. कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टर दाजींवर ओरडले, आठ दिवस आधी का आणली नाही म्हणून. दाजींवर! ते मान खाली घालून ऐकत राहिले, ही सासरी होती, आमच्याकडे नव्हती एवढंही त्यांच्याने बोलवलं नाही. तेवीस वर्षांची पोर, कान्हा. पोटातलंही गेलं.

दाजी पोलीस चौकीत जायला निघाले होते. चप्पल घातली होती त्यांनी. तेव्हा तुझा फोन आला शेजारी, आणि तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल तर सांगते. "झालं ते नशीब. आता चौकशी, पंचनामा करून काय ती परत येणारे? वासंतीचं माहेरचं नातं आहे, उद्या आपल्याला एकाच मांडवात बसायचंय. तेवढा भाग सोडून द्या." तेवढा भाग. तेव्हाही तुझ्या तोंडात तोच शब्द होता. दाजींनी चप्पल काढली. तुझ्या शब्दाला मान होता आमच्या घरात, तू कमावता भाऊ. खडवलीच्या त्या पोराने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. तू त्या लग्नाला आहेर पाठवलास, हे मला वासंतीकडूनच कळलं.

एकदा माझ्या मुलीला आयुष्यातून कापलं, ते तुझ्या मते कुणाला कळलं नाही. आता आवाजातूनही कापायची आहे. मावशीबाई पुढच्या खुर्चीत बसणार, पेढा खाणार, तिच्या घशात अडकायला नको ना.

तुला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं ते हवं होतं ना? सांगते. राखाडी. सरकारी कचेरीसारखं, मी ज्याला नावं ठेवली ते. त्यात पट्ट्या नाचत नाहीत, खरखर कमी होत नाही, माउस हलवला की तोतरं होतं. पण त्यात खाली एक पट्टी आहे, तिच्यावरचा ठोकळा धरून मागे नेला की हव्या त्या जागेवरून गाणं पुन्हा सुरू होतं. काळ्या सॉफ्टवेअरमध्येही होतं, पण ते दर वेळी थोडं चुकतं. हे चुकत नाही. शाळेतून आले की चपला काढायच्या आधी मी कॉम्प्युटर लावते आणि ठोकळा तिसऱ्या कडव्यावर नेते. माझी आई माझ्या मुलीचं नाव घेते, बायका मागून घेतात, आणि त्या गलक्यात एकदा, नीट ऐकलं तर, रतन हसते. कुणी तरी कानात हळद घातली असेल. ते हसणं तुझ्या यादीत नाही, कारण ते तुला खरखर वाटलं. काळ्या सॉफ्टवेअरमध्ये ते जवळजवळ पुसलं जातं. म्हणून राखाडी. माझी निवड झाली. परवापासून दाजी माझ्याजवळ स्टूल घेऊन बसतात. वायर त्यांनीच परत लावली.

आणि आता तुझं दुसरं काम. आईला माइकसमोर बसवायचं.

गेल्या रविवारी मी बाळकुमला गेले. तुझं पत्र नेलं होतं. वासंती भाजी आणायला गेलेली, आई मागच्या पायरीवर सुके बोंबील निवडत होती. मी तुझी ओळ वाचून दाखवली, जशीच्या तशी. माइक म्हणजे काय, चिकटवणं म्हणजे काय, ते समजावलं. आईने हातातला बोंबील सुपात टाकला. मग म्हणाली,

"म्हंजे माज्या तोंडातनं दोन नावा काढून घेल न् बाकी जुना लावल? मी काय मेली हाय? जित्ती हाय ना अजून?"

मी म्हटलं, "आई, तू गात नाहीस म्हणून—"

"मी गाय नाय, कारन मी त्या पोरीला सुखानं नांद म्हनून सांगला न् ती नांदली नाय. माजा तोंड खोटा पडला. म्हनून मी गप. पन मी गप हाय म्हनून तो तिचा नाव पुसल व्हय?"

हात धुऊन आली. माझ्यासमोर बसली. आणि मग तिने जे विचारलं, ते चार वर्षांत मला सुचलं नव्हतं.

"शेवंते, त्या खडवलीच्या पोराचा दुसरा लगीन झाला, तवा त्यांच्या धवलारनीनं पितरांना बोलावला असल ना? घरातल्या गेलेल्या मानसांना? त्यात रतनीचा नाव घेतला का?"

मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. ती त्या धवलारणीला ओळखते, तिने तिच्याकडूनच काढून घेतलं होतं, केव्हाचंच. रतनचं नाव घेतलं नव्हतं. घरच्यांनीच सांगितलं होतं, ते नाव घेऊ नका, नव्या नवरीला भीती वाटेल.

"लगीन झालेली पोर सासरच्या पितरांत जाते," आई म्हणाली, "ही रीत हाय. मी बी तीच पालली. म्हनून आपल्या मांडवात मी तिला कंदी हाक मारली नसती. पन त्यांनी बी नाय मारली. मग ती बसली कुठं? माजी पोर चार वर्सं बाहेर उभी हाय, दोन मांडवांच्या मदी."

मी रडले नाही. आई रडली नाही. सुपात बोंबील आणि वर कावळे, त्यांना हाकलायचं आम्ही विसरलो एवढंच.

तर तुला कळवते. शिवरामच्या हळदीला आई गाणार आहे. तिने स्वतः सांगितलंय, मी विचारलेलं नाही. कॉम्प्युटर कोपरला राहील, तो आता माझा आहे. शिवरामला मी सांगितलं, तो आजीच्या पाया पडला आणि म्हणाला, "आत्या, मला कुणी विचारलंच नव्हतं. मला आजीच पाहिजे होती." शालूच्या घरी निरोप त्यानेच दिला, त्यांची काही हरकत नाही. तुझा मुलगा तुझ्यावर गेलेला नाही, देवाची कृपा.

हळदीच्या आधी पितरांना बोलावतात, ते तुला आठवत नसेल. आई आपल्या घरातली गेलेली माणसं एकेक करून नावाने बोलावते. आजोबा, आजी, बाबा, आपला धाकटा जो पाळण्यात गेला तो. ह्या वेळी त्यांच्या मागोमाग रतनचं नाव येईल. रीत मोडली म्हणून कुणी बोललं तर आई बघून घेईल म्हणाली, आणि मी तिला ओळखते, ती बघून घेईल.

खडवलीचं आवतण मागे घेऊ नकोस. नको म्हणून कळवू नकोस, निमित्त काढू नकोस. येऊ देत सगळे. त्या मावशीला मी स्वतः हाताला धरून पुढे बसवणार आहे. धवलारीण ओळ म्हणते आणि मांडवातल्या सगळ्या बायका ती मागून म्हणतात. तिथे बसून तोंड मिटून ठेवता येत नाही, शेजारची बाई बघते. तिलाही म्हणावं लागेल.

पण तिच्या आधी तुला. नवऱ्या मुलाचा बाप तांदळाचं ताट घेऊन धवलारणीच्या शेजारी उभा राहतो आणि प्रत्येक नाव पहिल्यांदा तो म्हणतो, मग बायका. तुझी सगळी पत्रं मी आज काढून बघितली. "तो प्रसंग", "तो विषय", "तो भाग". तिच्या मामाने चार वर्षांत तिचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. पहिल्या दोन पत्रांत मलाही ते लिहवलं नाही, पण माझं कारण वेगळं होतं.

रजा मिळाली नाही, विमान चुकलं, कंपनीने सोडलं नाही, काय हवं ते सांग. मांडव थांबणार नाही, दाजी ताट धरतील. पण येणार असलास तर तोंड उघडायच्या तयारीने ये. तिथे कापायला, चिकटवायला काही मिळणार नाही, आई तुझ्याकडे बघत असेल आणि मी आईच्या मागे बसलेली असेन.

रतन. तीन अक्षरं आहेत. काना नाही, मात्रा नाही. आतापासून म्हणून बघ.

रतनची आई